पाचवी चकती

१

चार चकत्या पांढऱ्या होत्या. पाचवी करडी होती, आणि तिने तसं असावं याला काहीही कारण नव्हतं.

डॉ. संयोगिता जगतापने ती चिमट्याने उचलली, तराजूच्या काचेच्या पेटीत पुन्हा ठेवली, पुन्हा वजन केलं. आकडा तोच. तराजूवर शंका घेऊन झाली, चिमट्यावर घेऊन झाली, शेवटी तिने स्वतःच्या चष्म्यावरही घेतली. चष्मा पुसला तरी चकती करडीच.

बेंगळुरूच्या त्या संस्थेतला कामामुळे होणाऱ्या आजारांचा विभाग म्हणजे संयोगिता, तिचा सहायक विराज आणि हा तराजू. माणूस कामावर जी हवा श्वासात घेतो ती मोजायची, हे त्यांचं काम. कामगाराच्या कमरेला मुठीएवढा पंप बांधायचा, त्याची नळी कॉलरपाशी लावलेल्या, हवा गाळणाऱ्या चकतीला जोडायची. छातीच्या तळापर्यंत पोचेल एवढीच बारीक धूळ चकतीवर बसते. मग वजन सांगतं, त्या माणसाच्या छातीत काय चाललंय ते.

यशवंतपूरला विश्वासराव लाडांचा दगड कापायचा कारखाना होता. स्वयंपाकाच्या ओट्यांसाठीचा कृत्रिम दगड. दिसायला देखणा, आणि आत जवळजवळ सगळी गारगोटीची पूड. ही पूड छातीत गेली की फुप्फुस आतून घट्ट होत जातं, आणि पुढे कर्करोगाची भीती असते ती वेगळीच. त्या कारखान्यातल्या चार जणांना हा आजार झाला होता. दत्ता नावाच्या कारागिराला तर वर्षभर क्षयाच्या गोळ्या खाऊ घातल्यावर खरं दुखणं कळलं. आणि गंमत बघा, कारखान्यात धूळच सापडत नव्हती! दगड पाण्याच्या धारेखाली कापला जायचा, माणसं मुखपट्ट्या लावायची, दर वेळी चकत्या पांढऱ्याशुभ्र निघायच्या.

आज मात्र पाचातली एक करडी निघाली होती.

"मॅम, हे इम्पॉसिबल आहे," विराज म्हणाला. पुण्याहून येऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. "सेम शेड, सेम शिफ्ट. चार जणांना काहीच नाही आणि एकट्यालाच एवढी डस्ट? क्लिअर टॅम्परिंग आहे. कोणाची आहे बघा ना. नंदूची."

नंदू म्हणजे दत्ताचा धाकटा भाऊ. भाऊ आजारी पडल्यावर त्याच्या जागी लागलेला.

करारानुसार आकडे कारखान्याला कळवावे लागत. विराजने ते सकाळीच कळवून टाकले होते, त्यामुळे फोन वाजला तेव्हा संयोगिताला पलीकडे कोण आहे ते न बघताच समजलं.

"संयोगिताक्का," विश्वासरावांचा आवाज आधी खोकला आणि मग बोलला. "नंदूला मी बाहेर काढलाय. भावाचा राग काढायला चकतीत भुकटी भरलीन त्यानं. पोलिसात देणार मी. आणि तुमची ती तपासणी, ती पण आता पुरे."

"अण्णा, स्वल्प थांबा. मला थोडे दिवस द्या."

विश्वासराव आणि संयोगिता, दोघांचीही घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. लग्नामुंजीत समोरासमोर येणारी. नाही म्हणणं विश्वासरावांच्या जिवावर आलं.

"शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी आमची यंत्रांची पूजा असते, तेव्हा मनात किल्मिष नको मला. त्याच्या आत सांगा, नाहीतर नंदूचं नाव पोलिसात."

"सरी, ठीक आहे," म्हणून संयोगिताने फोन ठेवला आणि करडी चकती भिंगाखाली सरकवली. त्या करड्या थरात काहीतरी काळं होतं.

२

संयोगिता संतापली की शांतपणे प्रयोग करायला बसत असे. संस्थेत हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ती कोरी चकती आणि दगडाची भुकटी घेऊन बसली तेव्हा विराजने चहाचं नाव काढलं नाही.

तिने चकतीवर भुकटी शिंपडली. मग दुसऱ्या चकतीवर बोटाने चोळली. तिसरी सरळ भुकटीच्या डबीत बुडवून काढली. तिन्ही भिंगाखाली ठेवल्या आणि विराजला बोलावलं.

"काय दिसतंय?"

"लम्प्स आहेत. जाड कण पण आहेत."

"आणि नंदूच्या चकतीवर?"

विराजने डोळा लावला. नंदूच्या चकतीवरचा थर काठापासून काठापर्यंत सारखा होता. जाड कण औषधालाही नव्हता.

"हाताने भरलेली भुकटी अशी बसत नाही," संयोगिता म्हणाली. "ही हवेतून ओढली गेलीय. पंपाने, संथपणे. नंदूने फसवणूक केलेली नाही, विराज. नंदूच्या नाकासमोर खरोखर एवढी धूळ होती."

"पण मग बाकीच्या चौघांच्या नाकासमोर का नव्हती?"

प्रश्न रास्त होता. संयोगिताने तो बाजूला ठेवला आणि काळ्याकडे वळली. ती काजळी होती. काहीतरी जळल्याची, अगदी बारीक. पण पाण्याने निथळणाऱ्या कारखान्यात जळतंय काय?

"बिडी?" विराजने सुचवलं.

"नंदू तंबाखूलाही शिवत नाही. भावाची छाती बघितल्यावर कोण शिवेल? बरं, गेल्या शुक्रवारी पंप तूच काढलेस ना?"

"ऑफ कोर्स, मॅम. शिफ्ट संपल्या संपल्या. पाचही."

उत्तर फार चटकन आलं. संयोगिताने पंपांची पेटी उघडली. चार पंप चामड्याच्या पट्ट्यांत होते. पाचव्याला पट्टाच नव्हता, जुन्या सुती पंच्याची फाडलेली पट्टी गुंडाळलेली होती.

"बक्कल तुटलं होतं," विराज म्हणाला. "नंदूनेच काहीतरी जुगाड केला."

संयोगिताने ती पट्टी हातात घेतली. एकच पंप वेगळा बांधलेला, आणि नेमकी त्याचीच चकती करडी. हा योगायोग म्हणून सोडून देण्याइतकी ती भोळी नव्हती.

३

यशवंतपूरला बाजाराच्या ट्रकांतून वाट काढत ती कारखान्यात पोचली, तेव्हा शिवानी दारातच भेटली. विश्वासरावांची मुलगी. कारभार तीच बघायची आणि तोंडावर बोलायची.

"अक्का, मला विचारायचं ते सरळ विचारा. मला नवी यंत्रं हवीत, अप्पांना नकोत. आकडे वाईट आले तर माझाच फायदा आहे. संशय घ्यायला मी एकदम बेस्ट."

"मग केलंस तू?"

"मी केलं असतं तर पाचही चकत्या करड्या केल्या असत्या. एकच करून कोण फसेल?"

संयोगिताला हसू आलं. पोरगी खरी होती, आणि तिचा हिशेबही.

शेडमध्ये पद्मनाभ वाट बघत होता. तीस वर्षांचा मुकादम, कन्नड घरातला, पण मालकाच्या सहवासात मराठी पक्कं झालेलं. त्याने संयोगिताला यंत्र न्‌ यंत्र दाखवलं. पाण्याच्या धारा चालू होत्या, जमिनीवर पांढरट राडा वाहत होता, माणसं मुखपट्ट्या लावून उभी होती.

"डॉक्टरम्मा, धूळ कुठं आहे दाखवा की. बोट फिरवा." मग तो घसा खाकरून तोंड फिरवून खोकला. "हवामान बदललं की मला असंच होतं."

संयोगिताने मोठ्या करवतीच्या पाठीवरून बोट फिरवलं. खालचा भाग ओला, राड्याने माखलेला. वरच्या कडेला मात्र गेल्या शुक्रवारच्या विभूतीचे तीन आडवे पट्टे आणि मधला कुंकवाचा ठिपका अजून टिकून होता.

"छान उमटलंय," ती म्हणाली.

पद्मनाभ खूश झाला. "उमटणारच. पूजेला यंत्र कोरडं खणखणीत पाहिजे. ओल्यावर विभूती धरत नाही, कुंकू ओघळतं. ओघळलेलं कुंकू अशुभ. ते काम मी दुसऱ्यावर सोडत नाही."

त्या करवतीवर सुशांत काम करत होता. सगळ्यात मोठी करवत, सगळ्यात जुना कारागीर. संयोगिताने त्याच्या छातीचे फोटो दर वर्षी पाहिले होते आणि दर वर्षी चकित झाली होती. दत्ताने कापला त्याच्या दुप्पट दगड या माणसाने कापला असेल, आणि छाती लख्ख.

"तुमचं गुपित काय हो, सुशांत?"

"गुपित कसलं, बाई? मी पापी माणूस." तो मुखपट्टीआड हसला. "शुक्रवारी शिट्टी झाली की गावची गाडी पकडायला पळतो. स्टेशन जवळ आहे म्हणून मिळते. पूजेचा प्रसाद कधी माझ्या नशिबात नाही. तरी देवाने मलाच सांभाळलंय."

निघताना विश्वासराव गाडीपर्यंत आले. बोलता बोलता त्यांनी रुमाल तोंडाला लावला. खोकल्याची उबळ लांबली, आणि ती संपेपर्यंत त्यांनी गाडीच्या टपाला धरून ठेवलं.

"किती दिवस आहे हा खोकला, अण्णा?"

"बेंगळुरूची थंड हवा, अक्का. दुसरं काय?" मालक म्हणाले. त्यांनी उभ्या जन्मात करवतीला हात लावला नव्हता.

४

नंदू इस्पितळात भावाच्या उशाशी बसला होता. संयोगिताला पाहून तो उठला, पण नजर वर करेना.

"डाक्टरबाई, दत्तूदादाच्या गळ्याची आण. म्या चकतीला हात बी लावला न्हाई. कामावरनं काढलं त्याचं काय न्हाई, पण चोर म्हनत्यात. आमच्या निपाणीला कळलं तर आई जीव दील."

"तू भरली नाहीस, हे मला आधीच कळलंय," संयोगिता म्हणाली. "पण ते अण्णांना पटवायचं तर धूळ आली कुठून, ते सापडायला हवं. शुक्रवारी पंप चढवल्यापासून उतरवेपर्यंत काय काय झालं, सगळं सांग."

नंदूने सांगायला सुरुवात केली. सकाळी विराजसाहेबांनी पंप बांधले. दिवसभर काम. मग साहेब जरा लवकर निघाले.

"लवकर?"

"व्हय. काम चालूच हुतं. म्हनाले, सुटताना पंप बंद करून पेटीत ठिव, शनिवारी संस्थेत आणून दे. म्या आणून दिले की."

म्हणजे विराज खोटं बोलला होता. संयोगिताने ते गिळलं. "मग शिट्टी झाली. पुढे?"

"पुढं पूजा. पूजेआधी पायातल्या चपला, कमरेचे पट्टे, सगळं भाईर. चामडं देवापुढं चालत न्हाई. चौघांचे पंप बी चामड्याच्या पट्ट्याचे, त्ये बंद करून भाईर खिळ्याला टांगले."

"आणि तुझा?"

"माझा कुठं चामड्याचा हुता?" नंदू म्हणाला. "सुती पट्टी. सदऱ्याखाली हुता, ध्यानातच आलं न्हाई. घरी जाऊन आंघुळीला बसलो तवा कळलं, अजून गुणगुणतोय म्हनून."

पलंगावर दत्ता हळूच हसला. नाकाला प्राणवायूची नळी होती. "पूजेत... शंख मीच फुंकायचो, बाई," तो अडखळत म्हणाला. "लांबच्या लांब. मालक खूश व्हायचे. आता... फुंकर बी... निघत न्हाई."

संयोगिताने त्याचा हात धरला, आणि धरल्याधरल्याच ती थबकली. शंख फुंकायला आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो.

"नंदू, पूजेच्या वेळी मुखपट्टी?"

"काढतो की. देवापुढं तोंड झाकून कसं उभं ऱ्हायचं?"

"आणि शिट्टी झाल्यावर, पूजेच्या आधी, यंत्रं कोरडी कशी करता?"

नंदूने सांगितलं. संयोगिता उठून उभी राहिली. तिचा चेहरा बघून नंदूला वाटलं, आपण काहीतरी भलतंच बोललो.

"तू चोर नाहीस, नंदू," ती म्हणाली. "शुक्रवारी हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. आणि खरा चोरही दाखवणार आहे."

५

पण त्याआधी विराज.

तो कॅन्टीनमध्ये सापडला. संयोगिता समोर बसली आणि तिने एकच प्रश्न विचारला. "शुक्रवारी कुठे गेला होतास?"

विराजने डोसा तसाच ठेवला. खोटं लपवायची त्याला सवय नव्हती, आणि तेवढीच एक गोष्ट त्याच्या बाजूने होती.

"बेळ्ळंदूरला, मॅम. फ्लॅटची चावी घ्यायची होती. रिंग रोडचा ट्रॅफिक तुम्हाला माहितीय, लेट झालं असतं तर ओनर निघून गेला असता. मला वाटलं, शिफ्ट संपतच आलीय. मशीन बंद, म्हणजे डस्ट बंद. नंतर रिझल्ट आला आणि मी घाबरलो. म्हटलं, पंप मी काढले नाहीत हे कळलं तर सगळी स्टडी बाद."

"आणि म्हणून नंदूला चोर ठरू दिलंस?"

विराजची मान खाली गेली. संयोगिता भयंकर चिडली होती आणि तिने ते लपवलं नाही. एका माणसाची अब्रू तू एका चावीच्या बदल्यात टांगलीस, असं तिने त्याला शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे सुनावलं. मग पाण्याचा घोट घेतला.

"आता ऐक. तू लवकर गेलास, बक्कल तुटलं, नंदू पंप विसरला. या तीन चुका एकत्र झाल्या नसत्या, तर ती चकती कधीच करडी झाली नसती, आणि आपण आणखी दहा वर्षं पांढऱ्या चकत्या मोजत बसलो असतो. त्यामुळे तुला काढत नाही. पण शुक्रवारी तुला एक काम करायचंय, आणि ते सुखाचं नाही."

"काहीही सांगा, मॅम."

"संस्थेतला तो पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा काढून ठेव. हवा गाळणारा. तुझ्या मापाचा."

६

शुक्रवारी शिट्टी झाली, पण त्या दिवशी कोणीही पूजेला शेडमध्ये गेलं नाही. संयोगिताने सगळ्यांना शेडलगतच्या काचेच्या कचेरीत बसवलं होतं. विश्वासराव, शिवानी, पद्मनाभ. पाठीमागे कामगार दाटीवाटीने उभे. सुशांतलाही तिने गाडी चुकवायला लावली होती. नंदू कोपऱ्यात होता, मालकाच्या नजरेला नजर न देता.

"नंदूच्या चकतीवर दोन गोष्टी होत्या," संयोगिताने सुरुवात केली. "एक, दगडाची धूळ. हाताने भरलेली नव्हे, हवेतून ओढलेली. ज्याला शंका असेल त्याने भिंग घ्यावं, चकत्या इथे ठेवल्यात. दुसरी, काजळी. अण्णा, तुमच्या शेडमध्ये कधी काय जळतं?"

"काही नाही. पाण्याचं काम आहे आमचं."

"शुक्रवारी?"

विश्वासरावांनी काचेपलीकडच्या पाटाकडे पाहिलं. "शुक्रवारी... कापूर. आरतीला."

"म्हणजे आरतीच्या वेळी नंदूचा पंप चालू होता. बाकीचे चार चामड्याच्या पट्ट्यांमुळे बाहेर खिळ्यावर होते. आजवर प्रत्येक शुक्रवारी शिट्टी झाली की सगळेच पंप उतरायचे. म्हणून चकत्या पांढऱ्या. आम्ही दिवसभराची हवा मोजली, पूजेची कधी मोजलीच नाही."

"पूजेत कसली धूळ?" पद्मनाभ तडकला. "तेव्हा तर यंत्रं बंद!"

"आजारी कोण पडलं ते आठवा, पद्मनाभण्णा. चौघेही पूजा कधी न चुकवणारे. त्यात सगळ्यात जास्त दत्ता, जो छाती भरभरून शंख फुंकायचा. आणि ठणठणीत कोण? सुशांत. सगळ्यात जास्त दगड कापतो, पण शुक्रवारी गाडी पकडतो. करवतीजवळ उभं राहून कोणी आजारी पडलं नाही. देवाजवळ उभं राहून पडलं."

"अक्का!" विश्वासराव खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आजोबांपासूनची पूजा आहे ही. देवाला दोष देताय तुम्ही?"

"देवाला नाही, अण्णा. बघा."

तिने काचेवर टकटक केली. पलीकडे शेडमध्ये विराज उभा होता, तोंडावर तो अवजड मुखवटा. शटर खाली ओढलेलं होतं, दर शुक्रवारी असतं तसं, बाहेरची घाण आत नको म्हणून. विराजने कॉम्प्रेसरची नळी उचलली आणि मोठ्या करवतीवर हवा मारली. पाठीवर, सांध्यांत, पात्यामागे, जिथे जिथे राडा सुकून बसला होता तिथे. पद्मनाभ दर शुक्रवारी मारायचा तशीच, त्यानेच शिकवल्यासारखी.

"यात काय आहे?" पद्मनाभ म्हणाला. "थोडं धुकं उडतं, लगेच बसतं."

"दिवे घालवा," संयोगिता म्हणाली.

शिवानीने बटण दाबलं. शेडमध्ये अंधार झाला. विराजने पलीकडच्या भिंतीपाशी ठेवलेला एकच प्रखर दिवा लावला, तोंड कचेरीकडे केलेला. आणि सगळ्यांनी श्वास रोखले.

शेडमध्ये हवा उरलीच नव्हती. जमिनीपासून पत्र्यापर्यंत बारीक चमचमती पूड लोंबकळत होती, हळूहळू फिरत होती, पूजेच्या पाटावरून, समईवरून, शंखावरून. ती बसत नव्हती. बराच वेळ गेला, विराज पुतळ्यासारखा उभा राहिला, आणि पूड तशीच तरंगत राहिली.

"जाड धूळ बसते, ती तुम्हाला दिसते," संयोगिता शेवटी म्हणाली. "बारीक राहते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दिवसभर पाणी तिला दाबून ठेवतं. कुंकू ओघळू नये म्हणून आपण यंत्र हवेने कोरडं करतो, शटर लावतो, मुखपट्ट्या काढतो, आणि मग सगळे मिळून मोठमोठ्याने आरती म्हणतो. चोर ती नळी आहे, अण्णा. नंदू नाही."

पद्मनाभ खाली बसला. "मी मारत होतो हवा. माझ्या हातानं..."

"कोणाला माहीत नव्हतं," संयोगिता त्याच्याजवळ गेली. "तुम्हीही तीच हवा घेतलीत. उद्या तुमच्या छातीचा फोटो काढायचाय. आणि अण्णा, तुमचाही. पाटाच्या सगळ्यात जवळ तुम्ही बसता. बेंगळुरूची थंडी इतकी वर्षं खोकत नाही."

विश्वासराव काचेपाशी जाऊन उभे राहिले. त्या चमचमत्या अंधारात त्यांचा पाट दिसत होता. ते वळले तेव्हा सरळ कोपऱ्यात गेले आणि त्यांनी कामगारांच्या देखत नंदूपुढे हात जोडले.

"चुकलो रे. चोर म्हटलं तुला. तू तो पंप विसरला नसतास तर मी आणखी माणसं मारली असती, आणि आरती म्हणत म्हणत मेलो असतो."

नंदूला काय करावं सुचेना. त्याने मालकाचे जोडलेले हात धरले आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

७

त्यानंतर गोष्टी भराभर झाल्या. संयोगिताच्या अनुभवात त्या तशा कधी होत नसत, म्हणून तिला फार गंमत वाटली.

कॉम्प्रेसरची नळी शिवानीने स्वतः कापली. राडा सुकण्याआधीच धुवायचा आणि उरलेला ओढून घेणाऱ्या यंत्राने काढायचा, असा नेम झाला. कुंकवाचा पेच उरला होता, तोही तिनेच सोडवला. प्रत्येक यंत्रासाठी पितळेची छोटी पाटी करून घेतली. पूजेला पाट्या उतरवून बाहेर अंगणात मांडायच्या, विभूती-कुंकू त्यांना लावायचं, आरती मोकळ्या हवेत. पद्मनाभने आधी नाक मुरडलं. पहिल्याच शुक्रवारी कुंकू पितळेवर इतकं ठसठशीत उमटलं की त्याने मुरडलेलं नाक गुपचूप सरळ केलं.

विश्वासरावांच्या फुप्फुसांवर पुसट डाग निघाले, पद्मनाभच्याही. पण वेळेत सापडले होते. धूळ थांबली की दुखणं थोपवता येईल, अशी आशा छातीच्या डॉक्टरांनी दिली, आणि विश्वासराव आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या हुकमात वागू लागले. दत्ताच्या आजारावर कामामुळे झालेला आजार असा शिक्का बसला. त्याची छाती परत येणार नव्हती, पण त्याच्या घराला जन्मभराच्या भरपाईचा हक्क मिळाला. यशवंतपूरच्या बाकीच्या दगडवाल्यांना विश्वासरावांनी स्वतः बोलावून तो दिवा दाखवला, एका ओसाड शेडमध्ये, काचेआडून. महिनाभरात एकाही कारखान्यात हवेची नळी उरली नाही.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, संयोगिता आणि विराज मुद्दाम गेले. अंगणात पितळी पाट्या झेंडूत बुडाल्या होत्या. दत्ताला चाकाच्या खुर्चीत आणलं होतं. पाच जणांच्या कमरेला पंप होते, पाचही सुती पट्ट्यांनी बांधलेले, एकही उतरवायचा नाही अशी मालकांची ताकीद. विराजने ते एकेक करून तपासले आणि आरती संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.

"बेळ्ळंदूरचा ट्रॅफिक?" संयोगिताने हळूच विचारलं.

"असू दे, मॅम," विराज म्हणाला. "स्वल्प लेट होईल. चालतंय."

आरती संपली. विश्वासरावांनी शंख उचलून दत्तापुढे धरला. दत्ताने त्यावरून हात फिरवला आणि तो नंदूकडे दिला.

नंदूने छाती भरून श्वास घेतला. खूप खोल, खूप लांब. संयोगिताला इतके दिवस अशा श्वासाची धास्ती वाटत आली होती. आज तिने तो ऐकला आणि तिचे डोळे भरून आले. शंख वाजू लागला आणि वाजतच राहिला, शेजारच्या कारखान्यांतली माणसं बाहेर येऊन बघेपर्यंत. दत्ता खुर्चीच्या हातावर ताल धरून हसत होता.

दसऱ्याच्या सुट्ट्या संपल्यावर संयोगिताने पाचव्या पंपाची चकती चिमट्याने उचलली आणि तराजूत ठेवली. ती पांढरी होती. तिने चष्मा पुसला, नुसता सवयीने, आणि पुन्हा पाहिलं.

पांढरीच होती.